12 जानेवारी, चप्पल स्टँड आणि माझं अर्धवट राहिलेलं भाषण

ताईचा मेसेज रात्री साडेदहाला आला. "उद्या सकाळी पावणेसातला याला धंतोलीला मठात सोड, शाळेने व्हॉलंटिअर म्हणून नाव दिलंय, आणि स्वेटर घालायला लाव." खाली हात जोडलेला इमोजी. आमच्या घरात ताईने हात जोडले की विषय संपला.

'याला' म्हणजे माझा भाचा, नववीत आहे, वय वर्षं 14, आणि सध्या त्याच्या तोंडून दिवसाला साधारण अकरा शब्द बाहेर पडतात त्यातले चार 'काहून'. सकाळी नागपूरची थंडी अशी की गाडीचं हँडल धरवत नव्हतं. हा पाठीमागे हुडी डोक्यावर ओढून बसलेला. रहाटे कॉलनीच्या सिग्नलला मी उगाच काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, काय आहे रे आज मठात? तर म्हणे, "युवा दिन. भाषणं असतात. मामा, युवा दिनाला बोलणारे सगळे म्हातारेच काहून असतात बे?"

बे म्हटल्याबद्दल रागवायला हवं होतं पण प्रश्न बरोबर होता. युवा दिनाचे कितीतरी कार्यक्रम मी पाहिलेत, नावं घेत नाही, जिथे स्टेजवरच्या सात खुर्च्यांचं सरासरी वय पासष्ट, दीपप्रज्वलन, सत्कार, शाल, श्रीफळ, पुन्हा सत्कार, मग ज्यांच्यासाठी हे सगळं चाललंय ती पोरं तासभर उन्हात मांडी घालून बसलेली आणि शेवटी एक साहेब सांगणार की आजच्या तरुणाईने मोबाईल बाजूला ठेवला पाहिजे, हे सांगताना त्यांचाच वाजणार. त्यामुळे मी काहीच बोललो नाही, सिग्नल सुटला.

धंतोलीचा रामकृष्ण मठ माझ्या लहानपणापासूनचा. 1928 पासून तिथे आहे, म्हणजे आजोबांच्याही आठवणीत होता. बाहेरच्यांना तो मंदिर म्हणून माहीत असतो, आम्हाला लायब्ररी म्हणून, आणि घरात कोणी आजारी असलं तर दवाखाना म्हणून. विवेकानंदांची मराठी पुस्तकं महाराष्ट्रभर जी दिसतात ना, एसटी स्टँडवर, शाळेच्या बक्षिसांत, खिशात मावतील एवढी छोटी, त्यातली कितीतरी इथून छापून जातात. 'जीवन विकास' हे मासिकही इथलंच, 1957 पासूनचं. आमच्याकडे ते यायचं आणि आई त्यात बिलं ठेवायची.

मठाच्या गेटपाशी रिक्षा थांबली आणि त्यातून दोन विवेकानंद आणि एक जिजाऊ उतरल्या. हे दृश्य फक्त महाराष्ट्रातच दिसू शकतं. विवेकानंदांसारखीच राजमाता जिजाऊंची जयंतीही 12 जानेवारीलाच (सिंदखेडराजा, 1598), त्यामुळे आपल्याकडच्या शाळांमध्ये या दिवशी एका टेबलावर दोन फोटो असतात, एकाच पाकिटातली अगरबत्ती दोघांना, आणि फॅन्सी ड्रेसला अर्धी मुलं भगव्या फेट्यात, अर्ध्या मुली नऊवारीत. त्यातल्या एका विवेकानंदाला मिशी काढली होती. काजळाने, चांगली पिळदार. बहुतेक आईला सकाळी घाईत शिवाजी महाराज आणि विवेकानंद यांच्यात गल्लत झाली असणार. गेटवर उभ्या असलेल्या एका ब्रह्मचारी महाराजांनी (पांढऱ्या धोतरातले ब्रह्मचारी, भगव्यातले संन्यासी, पण आपण सगळ्यांना महाराजच म्हणतो) त्या पोराला जवळ घेतलं, खिशातून रुमाल काढला, नळाखाली ओला केला आणि त्याची मिशी पुसायला लागले. ते पोरगं थंड पाण्याने शहारलं. मिशी गेली पण ओठावर राखाडी डाग राहिला तो राहिलाच, दिवसभर तो विवेकानंद नुकतीच मिसरूड फुटल्यासारखा फिरत होता. मला वाटतं वयाच्या दृष्टीने ते जास्त बरोबर होतं.

भाच्याला ड्यूटी मिळाली चप्पल स्टँडची. त्याचं तोंड पाहण्यासारखं झालं. त्याला वाटलं होतं साऊंड सिस्टिम वगैरे मिळेल. तो आणि त्याचा एक मित्र, दोघांनी मिळून बुटांच्या खोक्याच्या पुठ्ठ्याचे चौकोन कापले, त्यावर स्केचपेनने नंबर टाकले, एक टोकन माणसाला, एक चपलेत. मी म्हटलं मी निघतो, पण मग रविवारच होता, आणि खरं सांगायचं तर मला जायचं नव्हतं. कारण त्या स्टेजचं आणि माझं जुनं काहीतरी देणं आहे.

आठवीत होतो मी. वक्तृत्व स्पर्धा, विषय अर्थातच 'स्वामी विवेकानंद आणि आजचा युवक'. भाषण आमच्या सरांनी लिहून दिलेलं, वहीची साडेतीन पानं, मी तीन आठवडे घोकलं, आंघोळ करताना, सायकलवर, आजीला ऐकवून. सुरुवात कशी हे महाराष्ट्रातल्या कुठल्याही माणसाला झोपेतून उठवून विचारा. "माझ्या अमेरिकन बंधू आणि भगिनींनो!" (मुळात ते उलटं होतं, आधी भगिनी मग बंधू, 11 सप्टेंबर 1893 ला शिकागोत त्यांनी 'सिस्टर्स' आधी म्हटलं होतं, पण आपल्या शालेय भाषणांत भगिनी कायम मागे गेल्या त्या गेल्याच.) तर मी छाती फुगवून ते वाक्य टाकलं, हात छातीशी बांधले फोटोतल्यासारखे, आणि पुढचं सगळं पुसलं गेलं. म्हणजे अक्षरशः काही नाही. डोळ्यांसमोर वहीचं पान दिसत होतं, समासातली लाल रेघसुद्धा, पण अक्षरं नव्हती. मागच्या रांगेतून हसू सुरू झालं. आमचे सर डोक्याला हात लावून बसलेले मी पाहिले, त्या हाताने मला जास्त गारठवलं.

परीक्षक म्हणून पहिल्या रांगेत एक वयस्कर महाराज होते, मूळचे बंगालचे, मराठी बोलायचे ते प्रत्येक शब्दाला थोडं गोल करून. ते काय म्हणाले तर, "बोरं, ते राहू दे. तू खेळतोस काय?" मी म्हटलं, क्रिकेट. "स्वामीजी फुटबॉल खेळा म्हणाले होते, पण क्रिकेट चालेल. सांग त्याचं." मला आधी कळेना की ही थट्टा आहे का. मग मी सांगायला लागलो की रविवारी अजनीच्या ग्राउंडवर आमची मॅच होती आणि शेवटच्या ओव्हरला मी कॅच सोडला, आणि टीमने मला दोन दिवस वाळीत टाकलं, आणि तिसऱ्या दिवशी कॅप्टनच सायकल घेऊन बोलवायला आला कारण बॅट माझी होती. लोक हसले, पण ते हसणं आधीच्यापेक्षा वेगळं होतं, हे तेव्हाही कळलं. मला बक्षीस काही मिळालं नाही. मिळू पण नये. पण मी त्या स्टेजवरून पळून न जाता चालत खाली उतरलो, आणि पुढची चार वर्षं त्या लायब्ररीत जात राहिलो, आधी क्रिकेटची पुस्तकं असतात का विचारायला आणि मग काय मिळेल ते वाचायला.

फुटबॉलचं ते वाक्य खरंच आहे, 1897 चं, मद्रासच्या भाषणातलं. गीता वाचण्यापेक्षा फुटबॉल खेळलात तर स्वर्गाच्या जास्त जवळ जाल. आता हे वाक्य दर वर्षी भिंतीवर लागतं पण ते लावणाऱ्या शाळेतला पी.टी.चा तास गणिताला दिलेला असतो, असो.

कॉलेजला असताना त्याच लायब्ररीत मला विवेकानंदांची बेळगावची गोष्ट सापडली आणि मी तिथेच उभ्या उभ्या वाचली. 1892 ची. तेव्हा शिकागो व्हायचं होतं, जगाला नाव माहीत नव्हतं, एक तिशीही न गाठलेला बंगाली संन्यासी आपल्या भागातून फिरत होता. मुंबईहून पुण्याला येताना आगगाडीत टिळकांची गाठ पडली, त्यांच्याच घरी विंचूरकर वाड्यात आठ-दहा दिवस मुक्काम. टिळकांनी नंतर आठवण लिहिली त्यात म्हटलंय की नाव विचारलं तर मी नुसता संन्यासी आहे एवढंच सांगायचा, जवळ पैसा अजिबात नाही, एक मृगाजिन, एखाद-दोन वस्त्रं आणि कमंडलू. पुढे कोल्हापूर करून बेळगावला वकील भाट्यांच्या घरी उतरले. भाट्यांचा मुलगा तेव्हा जुन्या पद्धतीने संस्कृत शिकत होता, पाणिनीची अष्टाध्यायी पाठ करायची, सूत्रामागून सूत्र, ज्याने केलंय त्यालाच ते दुःख कळेल. पाहुण्याने ते ऐकलं आणि म्हणाला म्हणून दाखव. पोराने म्हणून दाखवलं, त्यात चुका झाल्या, आणि या अनोळखी साधूने हसत हसत त्या दुरुस्त केल्या. मुलाने मोठेपणी स्वतःच हे लिहून ठेवलंय, आणि त्यात आपण किती ओशाळलो हे लपवलेलं नाही. दुसरी गंमत म्हणजे जेवण झाल्यावर या संन्याशाने पान-सुपारी मागितली, आणि वर थोडा तंबाखू. भाट्यांचं सोवळं घर हबकलंच असणार.

मला त्या गोष्टीत काय आवडलं ते तेव्हा सांगता आलं नसतं. छातीवर हात बांधलेल्या त्या पोस्टरमधल्या माणसापुढे मी गप्प झालो होतो. या तंबाखू मागणाऱ्या, पोराची सूत्रं हसत सुधारणाऱ्या माणसापुढे मी चुकलो असतो तर चाललं असतं, असं वाटलं.

तर परत रविवारवर येतो. दिवस तसा सरकारी आहे, भारत सरकारने 1984 मध्ये ठरवलं आणि 1985 पासून 12 जानेवारी राष्ट्रीय युवा दिन झाला. मठाचा स्वतःचा विवेकानंद जयंतीचा उत्सव खरं तर तिथीने असतो, पौष कृष्ण सप्तमीला, तेव्हा पूजा, होम, भजन, आणि तो मला जास्त आवडतो कारण त्यात मान्यवर नसतात. विवेकानंदांचा जन्म झाला 1863 ला, त्या दिवशी मकरसंक्रांत होती, तेव्हा संक्रांत 12 ला यायची, आता सरकत सरकत 14-15 वर आलीये. म्हणून या दिवसाला तिळगुळाचा वास असतोच, कोणी ना कोणी डबा घेऊन येतंच.

शोभायात्रा निघाली, बँड, झांजा, झेंडे, मिसरूडवाला विवेकानंद ट्रॉलीवर उभा. ट्रॉली वळली की तो ट्रॅक्टरवाल्याचा खांदा धरायचा आणि सरळ झाली की परत हात बांधायचा. परतल्यावर मंडपात भाषणं. अध्यक्ष बोलले, त्यांच्याबद्दल काही म्हणायचं नाही, छोटं बोलले. मग एक तरुण महाराज उठले, पस्तिशीचे असतील, बोलण्यावरून मला इंजिनिअरिंगवाले वाटले, कारण त्यांनी सुरुवातच आकड्यांनी केली. म्हणाले, एका मुलाचे इंग्रजीचे मार्क सांगतो. एन्ट्रन्सला, म्हणजे तेव्हाच्या मॅट्रिकला 47 टक्के, एफएला, म्हणजे आताची बारावी समजा, 46, बीएला 56. या मुलाला कुठल्या कॉलेजला ॲडमिशन मिळेल? पोरं ओरडली, कुठंच नाही! मग ते म्हणाले, यानेच पुढे शिकागोत इंग्रजीत भाषण दिलं.

टाळ्या पडल्या. मला भीती वाटली की आता 'म्हणून मार्कांना महत्त्व नाही' असं गुळगुळीत काहीतरी येणार. पण ते तिथे गेलेच नाहीत. त्यांनी 1884 सांगितलं. फेब्रुवारीत वडील वारले, विश्वनाथ दत्त, कलकत्त्यातले चांगले वकील, घर ऐसपैस, पण गेल्यावर कळलं की कमाईपेक्षा कर्ज जास्त. नातेवाईकांनी घरावरून कोर्टात खेचलं. नरेन, म्हणजे विवेकानंद, तेव्हा 21 वर्षांचा, बीए, घरात सगळ्यात मोठा मुलगा. अर्जाचे कागद घेऊन दुपारच्या उन्हात अनवाणी ऑफिसं पालथी घालतोय आणि सगळीकडे नाही. घरी जेवायला पुरेसं नाही हे दिसलं की आईला सांगायचा, मला बाहेर जेवायचं आमंत्रण आहे, आणि उपाशी निघून जायचा. थोडे दिवस शाळेत मास्तरकी केली, ती पण टिकली नाही.

इथे ते महाराज थांबले आणि म्हणाले, "हे आम्ही पोस्टरवर छापत नाही." बस. पुढचं काही जोडलं नाही, पाणी प्यायले आणि खाली बसले. मंडपात माझ्या शेजारी एक मुलगा होता, पंचविशीचा, पाठीवर बॅग, स्पर्धा परीक्षेवाला असणार, धंतोली-रामदासपेठेत असे शेकड्याने दिसतात. तो टाळ्या वाजवत नव्हता. बॅगेच्या चेनशी खेळत होता, उघड-बंद, उघड-बंद. नंतर खिचडीच्या रांगेत दिसला तेव्हा वाढणाऱ्याच्या हातातला डाव त्याने मागून घेतला आणि स्वतःच वाढायला लागला. तासभर तिथेच होता.

खिचडीबद्दल लिहिलंच पाहिजे. मठातली खिचडी घरच्यासारखी नसते. जास्त पातळ, आल्याचा तडाखा, त्यात फ्लॉवर, मटार, बटाटा, बंगाली वळणाची, सोबत टोमॅटोची गोडसर चटणी. थंडीत पत्रावळीवरून वाफ निघते आणि पहिला घास जीभ भाजतो, दर वर्षी भाजतो, दर वर्षी आपण विसरतो. मिसरूडवाला विवेकानंद फेटा काढून, फेट्याची सेफ्टी पिन दातात धरून खात होता. त्याची आई म्हणत होती अरे पिन काढ आधी.

चप्पल स्टँडवर मात्र गोंधळ झाला होता. सकाळी दव पडलेलं, त्यात कोणाच्या तरी ओल्या पायांनी, पुठ्ठ्याची टोकनं भिजली आणि स्केचपेन पसरलं. 36 चा 86 झाला. एक आजी, ऐंशीच्या घरातल्या, काठी टेकत उभ्या. "माह्या चपला कुठं हायेत रे बाबू?" भाचा घामाघूम, जानेवारीत. त्याने सगळा ढीग उपसला. कुठल्या रंगाच्या आजी? तपकिरी. तपकिरी चौदा जोड निघाले, एकही त्यांचा नाही. मी मदतीला सरकलो तर माझ्या आधी सकाळचे रुमालवाले ब्रह्मचारी महाराज तिथे येऊन खाली बसले होते, त्याच्या शेजारी, जमिनीवर, आणि चपलांच्या जोड्या लावत होते. रागावले नाहीत, शिकवलं पण नाही. फक्त म्हणाले, "आधी एकसारख्या वेगळ्या काढू. गणितासारखं." दोघं शेजारी शेजारी बसून जोड्या लावत राहिले, मी उभा राहिलो. भाचा त्यांना सांगत होता की टोकन मीच बनवलं होतं, चूक माझी आहे. हे वाक्य मी त्याच्या तोंडून घरी एकदाही ऐकलेलं नाही, ताईला सांगितलं तर तिचा विश्वास बसणार नाही.

त्या बसण्यावरून मला एकदम दुसरा एक चौदा वर्षांचा मुलगा आठवला. 1877 चा. नरेनचे वडील कामासाठी रायपूरला होते आणि कुटुंब तिकडे निघालं. चरित्रांत असं येतं की तेव्हा आगगाडी नागपूरपर्यंतच, पुढे जंगलातून पंधरा दिवसांहून जास्त बैलगाडी. म्हणजे आमच्या गावावरून तो गेलाय, टिळकांना भेटायच्या किती आधी, अजून कोणीही झालेला नसताना. वाटेत एका डोंगराच्या कपारीत वरपासून खालपर्यंत लोंबणारं भलंमोठं मधमाश्यांचं पोळं दिसलं. त्याकडे बघता बघता पोराचं भान हरपलं, किती वेळ ते त्यालाही कळलं नाही, शुद्धीवर आला तेव्हा गाडी बरीच पुढे गेली होती. त्या गाडीत कोणी त्याला म्हणालं असेल का की इकडेतिकडे काय बघत बसतोस? माहीत नाही. बहुतेक कोणाचं लक्षच नसेल, आणि तेच बरं झालं.

आजींच्या चपला शेवटी त्यांच्या सुनेच्या पायात सापडल्या. झालं असं होतं की सकाळी अंधारात आजीच सुनेच्या निळ्या घालून आल्या होत्या आणि सून मागून आजींच्या तपकिरी घालून आली, आणि सून केव्हाची जेवून तपकिरी घालून बाहेर उसाच्या रसाजवळ उभी होती. निळ्या 86 नंबरवर शांतपणे पडलेल्या. आजी काही ओशाळल्या वगैरे नाहीत. उलट भाच्याला म्हणाल्या, "मंग निळ्या हायेत म्हणून आधी काहून नाही सांगतलं?" आणि पिशवीतून तिळाचा लाडू काढून त्याच्या हातावर ठेवला, एक महाराजांच्या हातावर. मला नाही दिला. मी काही शोधलं नव्हतं.

दोन वाजता निघालो. तो मागे बसला, हुडी आता कमरेला बांधलेली. मी काहीच विचारलं नाही, विचारलं की बंद होतो हे अनुभवाने कळलंय. अजनीच्या पुलावर आलो तेव्हा मागून आवाज आला.

"मामा, ते इंग्रजीचे 47 मार्क आईला सांगू?"

"सांगून बघ."

मग पूल उतरेपर्यंत शांत. आणि घराच्या वळणावर, "पुढच्या वर्षी पुठ्ठा नाही घ्यायचा. बाबांच्या दुकानात पीव्हीसीचे तुकडे पडलेले असतात, त्यावर परमनंट मार्करने टाकतो. आणि दोरी. दोरी पाहिजेच."

ताई दारात उभी होती. पहिला प्रश्न, स्वेटर कुठाय?

स्वेटर मठातच राहिला होता.